यंत्राच्या चौदा ओळी

रसग्रहण कवितेचं होतं, नाटकाचं होतं, एखाद्या बंदिशीचंही होतं. संगणकाच्या सेटिंगच्या फाइलीचं कोणी करत नाही. चालली तर तिच्याकडे कोणी बघत नाही आणि बिघडली तर लोक रागाने बघतात; चवीने वाचलं जाण्याची वेळ तिच्या वाट्याला येतच नाही. मला मात्र अशी एक फाइल पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते. टेम्प्लेटवरून काढलेलं व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा जागं होतं, तेव्हा त्याला नेटवर्कमधला त्याचा पत्ता सांगणारी ही फाइल. चौदा ओळींची. केशवसुतांनी मराठीत आणलेलं चतुर्दशकही एवढ्याच ओळींचं. साम्य लांबीपुरतंच आहे, पण शब्द फुकट जाऊ नये ही अट दोन्हीकडे सारखी. इथे ती एका ओळीने मोडली आहे, आणि तीच ओळ मला सगळ्यात आवडते. तिच्याकडे पुढे येऊच.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या आधाराने चालणारा दुसरा संगणक. आपल्याला स्वतःची डिस्क, मेमरी आणि नेटवर्क कार्ड आहे अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात हे सगळं बाहेरचा संगणक पुरवतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं. साध्या टेबलावरच्या संगणकावर ती १९९९ सालच्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे रुळली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० ह्या आवृत्तीत केव्हीएम दाखल झालं आणि मग ती फुकटात कोणाच्याही हाती आली. कोणाच्याही म्हणजे आचरा गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याच्याही. आमच्या माडीवर एका कचेरीने काढून टाकलेला संगणक आहे. त्यावर लिनक्स आणि केव्हीएम चालतं आणि आत पाच मशिनं नांदतात: बांगडा, सुरमई, पेडवा, तारली आणि मोरी. एक घरच्या फोटोंचा साठा सांभाळतं, एक बॅकअप घेतं, उरलेली शिकण्यासाठी आणि शिकताना मोडण्यासाठी.

ह्याच गोष्टीचा अवाढव्य पसारा महाराष्ट्रात इतरत्र आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या क्लाउडची केंद्रं पुण्यात आणि मुंबईत उघडली, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत. केंद्र सरकारच्या एनआयसीचं एक राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात आहे, आणि सरकारी खात्यांसाठीचा ‘मेघराज’ हा क्लाउड २०१४ पासून सुरू आहे. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक मशीन हाताने उभं करणं कोणालाच परवडणारं नाही. म्हणून एक मशीन नीट उभं करायचं, त्यात लागणारी सगळी सॉफ्टवेअर घालायची, मग ते ‘टेम्प्लेट’ म्हणून बंद करायचं आणि हवे तितके क्लोन काढायचे. अर्ध्या दिवसाचं काम मिनिटांवर येतं.

अडचण तिथेच सुरू होते. क्लोन प्रामाणिक असतो. तो सगळंच उचलतो: मशीनचं नाव, आयपी पत्ता, एसएसएचच्या गुप्त किल्ल्या, लिनक्सने एकदाच तयार केलेली ३२ अक्षरांची मशीन-आयडी. दोन क्लोन एकाच पत्त्याने एकाच नेटवर्कवर उठले की काय होतं ते बघण्यासारखं असतं. पत्त्यावरून नेटवर्क कार्ड शोधून काढणारा एआरपी नावाचा संकेत १९८२ सालचा आहे, आणि तो भाबडा आहे. ‘हा पत्ता कोणाचा?’ असं त्याने विचारायचं, आणि जो ‘माझा’ म्हणेल त्याचं खरं मानायचं. इथे दोघंही ‘माझा’ म्हणतात. मग पाठवलेला मजकूर कधी एकाकडे जातो, कधी दुसऱ्याकडे. फोटो अर्धे चढतात, लॉगिन मध्येच तुटतं. दोन्ही मशिनं तपासली तर दोन्ही ठणठणीत. दोष एकाच्याही आत सापडत नाही, कारण तो दोघांच्या सारखेपणात असतो.

म्हणून टेम्प्लेट बंद करण्याआधी ते रिकामं करावं लागतं. हे रिकामं करणं काय असतं हे आचऱ्याच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. इथे दर काही वर्षांनी रामेश्वराच्या आज्ञेने गावपळण होते. ठरल्या दिवशी माणसं गुराढोरांसकट, कुत्र्या-कोंबड्यांसकट वेशीबाहेर पडतात, शेजारच्या गावांच्या हद्दीत झोपड्या घालून तीन दिवस तीन रात्री राहतात, आणि देवाने कौल दिला की परततात. चिंदर आणि वायंगणीतही ही रीत आहे. त्या तीन दिवसांत गावात घरं असतात, विहिरी असतात, वाटा असतात. राहणारं कोणी नसतं. चांगलं टेम्प्लेट असंच हवं. सॉफ्टवेअर जागच्या जागी, पण कोणाचीही वस्ती नाही. उपमा इथपर्यंतच चालते. गावात तीच माणसं आपापल्या घरी परततात. टेम्प्लेटच्या प्रत्येक क्लोनमध्ये मात्र नवं बिऱ्हाड यायचं असतं. जुन्यांपैकी कोणी मागे राहिलं तर तो भाडेकरू प्रत्येक क्लोनमध्ये हजर होतो.

काय काढायचं आणि काय ठेवायचं ह्याचं तारतम्य हाच ह्या कलेचा पाया. केव्हीएमच्या घराण्यात ह्यासाठी व्हर्ट-सिसप्रेप नावाचं अवजार आहे. ते एसएसएचच्या किल्ल्या, राउटरकडून पत्ता मागणाऱ्या डीएचसीपीचे जुने भाडेपट्टे, लॉग, मशीन-आयडी असं एकेक पुसत जातं. ह्यातली मशीन-आयडीची गोष्ट रसिकाने थांबून बघावी अशी. तिची फाइल उडवून टाकायची नसते. आतला मजकूर पुसून फाइल तिथेच कोरी ठेवायची. मशीन सुरू होतं तेव्हा अगदी सुरुवातीच्या क्षणी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असू शकते. अशा वेळी नवी फाइल निर्माण करता येत नाही. असलेल्या कोऱ्या फाइलीवर नवी ओळख बसवता मात्र येते. जागा राखायची, नाव पुसायचं.

आता मूळ संहिता. ती अर्थातच रोमन लिपीत असते. इथे देवनागरीत उतरवतो आहे. आकडे आमच्या बांगड्याचे, घडण मात्र हजारो लोक रोज लिहितात तीच.

व्हर्जन: २
इथरनेट्स:
  नेट०:
    मॅच:
      मॅकॲड्रेस: "५२:५४:००:१६:०८:४१"
    सेट-नेम: लॅन०
    डीएचसीपी४: फॉल्स
    ॲड्रेसेस:
      - १९२.१६८.१०.२१/२४
    रूट्स:
      - टू: डीफॉल्ट
        व्हाया: १९२.१६८.१०.१
    नेमसर्व्हर्स:
      ॲड्रेसेस: [१९२.१६८.१०.१]

ही भाषा यॅमलची, आणि हा मजकूर वाचणारा क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम. ॲमेझॉनने २००६ साली भाड्याची व्हर्च्युअल मशिनं देऊ केल्यानंतर तिथे उबुंटू लिनक्स चालवायची गरज निर्माण झाली. त्या गरजेतून कॅनॉनिकल कंपनीत स्कॉट मोझर ह्यांनी तो लिहिला. आज जवळजवळ प्रत्येक क्लाउडमधल्या लिनक्सच्या पोटात तो असतो. उबुंटूवर तो हा मजकूर पुढे नेटप्लॅनच्या हाती देतो, जो १७.१० ह्या आवृत्तीपासून तिथला नेटवर्कचा कारभारी आहे.

पहिल्या वाचनात नजरेत भरते ती रचना. पहिल्या नऊ ओळी ‘मी कोण’ हे सांगतात: कुठलं कार्ड, काय नाव, कोणता पत्ता. शेवटच्या पाच ओळी ‘माझ्या पलीकडे काय’ हे सांगतात: बाहेर जायची वाट कुठली, आणि नावं विचारायची कोणाला. आधी स्व, मग जग. यॅमलमध्ये एका पातळीवरचे शब्द वरखाली केले तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे हा क्रम यंत्राची गरज नाही. तो लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी पाळलेला आहे, आणि म्हणूनच तो शैलीचा भाग ठरतो.

दुसरी गोष्ट डावीकडच्या मोकळ्या जागेची. यॅमलमध्ये कोण कोणाच्या पोटात आहे हे कंस सांगत नाहीत, ओळीआधीची रिकामी जागा सांगते. ‘व्हाया’ ही ओळ ‘टू’च्या बरोबर खाली सुरू होते म्हणून ती त्याच वाटेबद्दल बोलते. एक जागा डावीकडे सरकली तर सगळी फाइल नाकारली जाते. ही जागा टॅब वापरून सोडायची सोयही नाही. यॅमलला टॅब वर्ज्य आहे. वृत्तात लिहिणाऱ्याला लघुगुरूचा धाक असतो, इथे तो मोकळ्या जागेचा.

चौथी-पाचवी ओळ म्हणजे ओळख पटवणं. ‘मॅच’ सांगतं की पुढचं सगळं ज्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, हा असेल त्यालाच लागू. मॅक पत्ता क्लोन काढताना बाहेरचा संगणक देतो. मशीनच्या आतली प्रत्येक खूण टेम्प्लेटमधून आलेली असू शकते. ही तेवढी बाहेरून येते आणि प्रत्येक क्लोनला वेगळी मिळते. ओळख पटवायला नेमकी हीच खूण निवडली ह्यात औचित्य आहे. सुरुवातीचे ५२:५४:०० हे आकडे केव्हीएमच्या घराण्याची निशाणी. व्हीएमवेअर असतं तर तिथे ००:५०:५६ दिसलं असतं. ५२ ही जोडी षोडशमान पद्धतीतली आहे. ती द्विमानात उलगडली की ०१०१००१० होते, आणि उजवीकडून दुसऱ्या स्थानावरचा तो १ सांगतो की हा पत्ता कुठल्या कारखान्यात कार्डावर कोरलेला नाही, जागच्या जागी ठरवलेला आहे. खोट्या कार्डाने स्वतःचं खोटेपण असं पहिल्या जोडीतच कबूल केलेलं असतं.

आणि ती अवतरणचिन्हं! वरवर पाहणाऱ्याला ती शोभेची वाटतील. काढून बघावीत. यॅमलच्या १.१ ह्या आवृत्तीत, जी क्लाउड-इनिट वापरतो त्या पायथनच्या वाचकात अजून जिवंत आहे, अपूर्णविरामांनी जोडलेले आकडे साठमान पद्धतीची संख्या म्हणून वाचायची तरतूद आहे. तास, मिनिटं, सेकंद लिहायची सोय म्हणून. आपल्या मॅक पत्त्यात एकही अक्षर नाही, आणि पहिल्या जोडीनंतरची प्रत्येक जोडी साठाच्या आत आहे. अवतरणचिन्हं नसतील तर तो पत्ता राहत नाही, ४१,१३,५०,९८,१२१ ही संख्या होतो. अशा मॅक पत्त्याचं कार्ड जगात नाही, ‘मॅच’ जुळत नाही, मशीन मुकं उठतं. पत्त्यात कुठे एखादं ए किंवा एफ असतं तर हा धोका नव्हता. म्हणजे चूक काही मशिनांत होते, काहींत होत नाही, आणि दोन्हींचा मजकूर सारखाच दिसतो. दोन लहान खुणा एवढं मोठं संकट अडवून उभ्या आहेत.

सहावी ओळ नामकरणाची. तिच्यामागे एक जुनं दुखणं आहे. लिनक्समध्ये पहिल्या कार्डाला ईथ० म्हणायची रीत होती. एक काळ असा होता की मशीन पहिल्यांदा चालू झालं की त्या कार्डाचा मॅक पत्ता आणि ईथ० ही जोडी यूडेव्हच्या एका फाइलीत कायमची लिहिली जायची. त्या मशीनचं टेम्प्लेट केलं, क्लोन काढला, क्लोनला नवा मॅक पत्ता मिळाला. फाइल म्हणाली की ईथ० तर दुसऱ्या कोणाचं आहे, तुम्ही ईथ१. सेटिंग मात्र ईथ०साठी लिहिलेली. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीवर क्लोन काढणाऱ्या पिढीला हा प्रकार पाठ आहे. २०१३ पासून सिस्टमडीने कार्डांना त्यांच्या खाचेवरून नावं द्यायला सुरुवात केली; तेव्हापासून ईएनएस१९२ सारखी नावं दिसतात. ती टिकाऊ असतात, पण मशीनच्या बांधणीप्रमाणे बदलतात. ‘सेट-नेम’ हा दोन्हींतून काढलेला मार्ग. लॅन० हे नाव निवडण्यातही विचार आहे: ईथ० म्हटलं असतं तर सुरुवातीला लिनक्सचं कर्नल स्वतः जी नावं वाटतं त्यांच्याशी टक्कर होऊ शकली असती.

आता सातवी ओळ, मला सगळ्यात आवडणारी. ‘डीएचसीपी४: फॉल्स’. राउटरकडून पत्ता मागू नकोस. ही ओळ गाळली तरी काही बिघडत नाही, कारण न सांगितल्यास मशीन मागत नाहीच. मग ती का? माझ्या मते ती यंत्रासाठी नाही, पुढे ही फाइल उघडणाऱ्या माणसासाठी आहे. ‘विसरलो नाही, ठरवून नाही म्हटलं आहे’ एवढं ती सांगते. आणि ते ठरवणं जागेवर अवलंबून असतं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये डीएचसीपी उत्तम चालतं. मार्च १९९७ मध्ये आजच्या रूपात ठरलेला हा संकेत चार पावलांचा: मशीनने हाक मारायची, सर्व्हरने पत्ता देऊ करायचा, मशीनने तो मागायचा, सर्व्हरने पक्का करायचा. ह्या चारही पावलांना पलीकडे कोणीतरी जागं लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, आणि येते तेव्हा राउटर आणि पाचही मशिनं एकदम उठू लागतात. राउटर तयार होण्याआधी मशीन हाक मारून मोकळं होतं. ज्याच्यावर घरचे फोटो आहेत त्याने दुसऱ्याच्या जागं होण्यावर अवलंबून राहू नये, म्हणून ‘फॉल्स’. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हीच ओळ अडाणीपणाची ठरेल.

ह्या ओळीने आणखी एक फास चुकवला आहे. उबुंटूच्या १८.०४ ह्या आवृत्तीत डीएचसीपीची हाक मारताना मशीन स्वतःची ओळख मॅक पत्त्यावरून देईनासं झालं. ते मशीन-आयडीवरून बेतलेली ओळख देऊ लागलं. टेम्प्लेटमध्ये मशीन-आयडी पुसायची राहिली असेल, तर सगळे क्लोन एकाच ओळखीने हाक मारतात आणि राउटर त्या सगळ्यांना इमाने एकच पत्ता देतो. मॅक पत्ते वेगळे, नावं वेगळी, आणि तरी आयपी एक. कितीतरी अनुभवी लोक ह्यावर हबकले, कारण तोवर सगळ्यांचा समज असा की मॅक वेगळा म्हणजे मशीन वेगळं. नेटप्लॅनमध्ये ओळख मॅकवरूनच दे असं सांगायची सोय आहे. पण खरा उपाय आधीचा: टेम्प्लेट रिकामं करताना ती फाइल कोरी करणं.

नववी ओळ पत्त्याची. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवायचं १९९६ साली आजच्या रूपात ठरलं, त्यामुळे १९२.१६८.१०.२१ हा पत्ता आचऱ्यात आहे, तसा लातुरातही असेल आणि न्यू जर्सीतही. तो एकमेव नाही. आपल्या अंगणात एकमेव असला की पुरे. ते अंगण केवढं हे पुढचं /२४ सांगतं: बत्तिसातले २४ अंक गावाचे, उरलेले ८ घरांचे, म्हणजे वापरण्याजोगे २५४ पत्ते. ही खूण वाचायला लहान, पण टेम्प्लेटवरून काम करणारे अनेकदा इथे घसरतात. तिथे /१६ पडलं तर मशीन शेजारच्या नेटवर्कलाही आपलंच अंगण समजतं, त्याच्याकडे राउटरमार्फत न जाता थेट हाका मारत राहतं, आणि उत्तर येत नाही.

दहाव्या ओळीपासून दृष्टी बाहेर वळते. पूर्वी इथे ‘गेटवे४’ अशी एकच ओळ असे. नेटप्लॅनने ती कालबाह्य ठरवली. नवं रूप लांब आहे, पण मला ते सरस वाटतं. जुनी ओळ नुसती पाटी होती. नवं रूप वाक्य आहे: कुठे जायचं, तर बाकी सगळीकडे, कोणामार्गे, तर ह्याच्या. उद्या दुसरी वाट जोडायची झाली तर त्याच वाक्याचा साचा पुन्हा वापरता येतो. शेवटच्या ओळीत मात्र शैली ढळली आहे. वर पत्ता आडव्या रेघेने दिला, खाली चौकटी कंसात. दोन्ही चालतात, पण चौदा ओळींत दोन पद्धती वापरणं हा निष्काळजीपणाच. आशयाचाही एक दोष तिथे आहे: नावं विचारायला एकच ठिकाण दिलं आहे. राउटर झोपला की पत्ते चालतील, नावं चालणार नाहीत. सातव्या ओळीने मिळवलेलं स्वातंत्र्य चौदाव्या ओळीने अर्धं परत केलं.

ही फाइल मशीनच्या हाती पडते कशी, हाही तिच्या सौंदर्याचा भाग आहे. नेटवर्क कसं असावं हे नेटवर्कवरूनच विचारायचं तर आधी नेटवर्क हवं. मुंबईतल्या ॲमेझॉनच्या मशीनमध्ये क्लाउड-इनिट ह्यावर तोड म्हणून तात्पुरता पत्ता घेतो, १६९.२५४.१६९.२५४ ह्या ठरलेल्या जागी चौकशी करतो, आणि मग कायमची सेटिंग बसवतो. घरगुती मशीनसाठी जो मार्ग आहे त्याचं नावच ‘नोक्लाउड’. सीआयडेटा असं नाव दिलेली चिमुकली सीडीची प्रतिमा बनवायची, तिच्यात आपली फाइल ठेवायची आणि मशीनला जोडायची. तिच्याशेजारी आणखी एक फाइल लागते, ती दोनच ओळींची:

इन्स्टन्स-आयडी: बांगडा-०१
लोकल-होस्टनेम: बांगडा

ह्या दोन ओळी नसतील तर त्या चौदा व्यर्थ. क्लाउड-इनिट उठल्यावर आधी इन्स्टन्स-आयडी वाचतो आणि मागच्या खेपेला लिहून ठेवलेल्या आयडीशी ताडून पाहतो. वेगळी असेल तर ‘मी नवा जन्मलो’ असं धरून नाव, किल्ल्या, नेटवर्क सगळं नव्याने बसवतो. तीच असेल तर ‘मी नुसता झोपून उठलो’. म्हणून कोणी फाइलीत आयपी बदलला, आयडी तशीच ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं, तर ‘नोक्लाउड’मध्ये एरवी काहीच बदलत नाही. मजकूर नवा, मशीन जुनं.

इतरांनी हाच प्रश्न कसा सोडवला तेही बघू. प्रॉक्समॉक्स हा मशिनं सांभाळणारा प्रोग्रॅम ही आयडी एरवी माणसाला लिहू देत नाही. दिलेल्या सेटिंगच्या मजकुराचंच गणिती सार काढून ते आयडी म्हणून वापरतो. त्यामुळे आयपी बदलला की आयडी आपोआप बदलते आणि बदल लगेच लागू होतो. सोय मोठी, पण किंमतही आहे. आयडी बदलली म्हणजे जन्म नवा, आणि नव्या जन्मात एसएसएचच्या किल्ल्याही नव्या. केवळ पत्ता बदलला म्हणून मशीन परकं होतं आणि रोज भेटणारे संगणक त्याला ओळखत नाहीत. घर बदललं म्हणून माणूस बदलला असं मानणं हे तर्काला धरून असेल, औचित्याला नाही. मी आयडी हाताने लिहिणं पसंत करतो.

व्हीएमवेअरचं वळण कारकुनी आहे. तिथे चौदा ओळी लिहायच्या नसतात. नाव, पत्ता, गेटवे ह्यांचा छापील अर्ज भरायचा आणि तो जपून पुन्हापुन्हा वापरायचा. आतल्या मशीनमध्ये व्हीएमवेअर टूल्स असावं लागतं, लिनक्सवर त्याच्या जोडीला पर्लही. लालित्य नाही. पण एक युक्ती दाद द्यावी अशी आहे: क्लोन पहिल्यांदा उठतो तेव्हा त्याचं नेटवर्क कार्ड तोडलेलं असतं, आणि नवी ओळख बसल्यावरच ते जोडलं जातं. जुन्या ओळखीने एक शब्दही बाहेर जात नाही. मध्येच काही चुकलं तर मात्र कार्ड तुटलेलंच राहतं, आणि नवख्या माणसाचा दिवस ते शोधण्यात जातो. क्लाउड-इनिट तेच काम वेळ साधून करतो: नेटवर्क जागं होण्याआधी त्याचा पहिला टप्पा उरकलेला असतो.

विंडोजचं सिसप्रेप ह्या सगळ्यांत जुनं आणि कर्मठ. ते सगळंच पुसतं. एकेकाळी क्लोनमधला एसआयडी हा क्रमांक बदलण्यासाठी न्यूएसआयडी नावाचं अवजार घरोघर वापरलं जायचं. नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द त्याचे कर्ते मार्क रसिनोविच ह्यांनी ते मागे घेतलं. मशीनचा एसआयडी दोन ठिकाणी सारखा असल्याने प्रत्यक्षात बाधा येत नाही, असं त्यांनी मांडलं. तरी मायक्रोसॉफ्टचा आग्रह सिसप्रेपचाच राहिला, कारण पुसायच्या इतर गोष्टी होत्याच. ह्यातून घ्यायचा बोध असा की ओळखीची प्रत्येक खूण सारख्या मोलाची नसते. एसआयडीसाठी वर्षानुवर्षं धावपळ झाली आणि ती नसती तरी तेव्हा चाललं असतं. मशीन-आयडीकडे कोणी बघितलं नाही आणि तिने नेटवर्कं पाडली.

ह्या साऱ्यांमध्ये चौदा ओळींची ही फाइल मला उजवी वाटते, कारण ती लपवत नाही. अर्जात भरलेलं कुठे जातं ते दिसत नाही, सिसप्रेप काय काय पुसतं ते पाठ असावं लागतं. इथे सगळं डोळ्यांसमोर आहे, साध्या मजकुरात आहे, जपून ठेवता येतं, कालच्या प्रतीशी ताडून बघता येतं. तिचे दोष मी सांगितले. नेमसर्व्हर एकच आहे आणि शैली शेवटी ढळते. ते दोन्ही एका ओळीत दुरुस्त होणारे आहेत. तिचा खरा गुण मात्र तिच्यात नाही, तिच्या आधी आहे: टेम्प्लेट पूर्ण रिकामं असेल तरच ह्या ओळींना अर्थ येतो. तेव्हा क्लोन काढणाऱ्यांना एवढंच सांगेन. आधी मशीन-आयडीची फाइल कोरी आहे का बघा, मॅक पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घाला, दुसरा नेमसर्व्हर लिहा, आणि मगच टेम्प्लेटला कुलूप लावा.